त्र्यंबकेश्वर हाफ डे टूर (मुकुट दर्शनासह): गाडीला दोन स्टार, मास्तरांना पाच

आधीच सांगून टाकतो, गाडी आणि बुकिंग याला मी पाचातले दोन देतोय आणि गाईडला, म्हणजे मास्तरांना, पाच. सरासरी काढून साडेतीन टाकता आले असते पण आमच्याकडे बावीसचं आणि अठराचं सोनं एका मुशीत टाकत नाहीत त्यामुळे हिशोब वेगवेगळाच लिहितो. टूरवाल्यांचं नाव मुद्दाम घालत नाहीये, फोनवर सॉरी म्हणालेत, विषय संपला.

मी पुण्यात एका सराफी पेढीवर अकाउंट बघतो, वीस एक वर्षं झाली. आई एकाहत्तरची. तिला त्र्यंबकला जायचं होतं आणि मला ती जाहिरात दिसली, "त्र्यंबकेश्वर: इतिहास आणि खजिना, सोमवार स्पेशल". नाशिकहून एसी गाडी, गाईड, दर्शनाला मदत, दोघांचे मिळून 2,800. खजिना शब्द वाचला की आमच्या धंद्यातला माणूस फसतोच. शिवाय देवाचा रत्नजडित मुकुट दर सोमवारी संध्याकाळी 4 ते 5 तासभर दाखवतात हे मी लहानपणापासून ऐकून होतो आणि कधी बघितला नव्हता.

गाडी साडेबाराला येणार होती, आली एक पंचवीसला. आई नाशिकच्या सीबीएस बस स्टँडसमोर उन्हात उभी, आणि फोनवर मुलगा म्हणतोय सर दोन मिनिटं. एसीचा वारा फक्त ड्रायव्हरच्या तोंडावर. पुढे सातपूर सोडल्यावर सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू होती, तिथे अजून वीस मिनिटं गेली, याला कोणी काही करू शकत नाही. अंजनेरीला रस्त्यालगतच नाण्यांचं म्युझियम आहे, मी म्हटलं दहा मिनिटं थांबू या का, तर "सर ते पॅकेजमध्ये नाही". पण हायवेवरच्या एका हॉटेलात पस्तीस मिनिटं थांबणं मात्र पॅकेजमध्ये होतं. थाळी ठीक, मठ्ठा चांगला. जाहिरातीत "दर्शन असिस्टन्स" लिहिलं होतं त्याचा अर्थ मला वाटलं पास त्यांच्याकडून, तर 200 रुपयांचा देणगी दर्शन पास आपला आपण घ्यायचा, असिस्टन्स म्हणजे खिडकी कुठंय ते दाखवणार. बुक करायच्या आधी विचारून घ्या.

आता मास्तर. जिल्ह्यातल्या एका शाळेत इतिहास आणि मराठी शिकवून रिटायर झालेले गृहस्थ, पांढरी टोपी, काखेत छत्री, खिशात सुपारी आणि अडकित्ता. आल्या आल्या आईच्या हातातली पिशवी घेतली आणि मला म्हणाले तुम्ही सराफीत ना, मग तुम्हाला सगळ्यात मोठ्या जिनसाचं आधीच सांगून टाकतो कारण तो इथे नाहीये, रांगेत तेवढाच वेळ जाईल.

तो जिन्नस म्हणजे नासक हिरा. नाशिकवरूनच नाव पडलं, इंग्रजांच्या तोंडी नासक झालं. गोवळकोंड्याच्या खाणीतला, त्र्यंबकेश्वराच्या दागिन्यांतला. मला नाव माहीत होतं, गोष्ट अर्धवट माहीत होती. मास्तरांनी ती रांगेत उभ्या उभ्या जी सांगितली तशी मी कुठल्या ऑडिओ गाईडकडून ऐकलेली नाही. खिशातून एक अख्खी सुपारी काढली, आईच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले ताई ही धरा, हा आपला हिरा, 90 कॅरेटच्या आसपास.

मी लगेच मनात केलं, पाच कॅरेटचा एक ग्रॅम, म्हणजे अठरा ग्रॅम, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने पावणेदोन तोळ्यांच्याही वर. एकच खडा! आमच्या पेढीवर एक कॅरेटचा सॉलिटेअर आला तरी मालक स्वतः उठून येतात.

तर 1817च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला आणि पुढचे सात महिने पळतच होता. एप्रिल 1818मध्ये हा वरचा त्र्यंबकचा किल्ला, म्हणजे ब्रह्मगिरीच, इंग्रजांनी घेतला. जूनमध्ये बाजीराव माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला. या सगळ्या गडबडीत हिरा पेशव्यांच्या जवाहिरातून कर्नल ब्रिग्जच्या हाती लागला, त्याच्याकडून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे आणि तिथून लंडनला. कंपनी सरकारने तो रंडेल अँड ब्रिज नावाच्या लंडनच्या जवाहिऱ्यांना विकला, अवघ्या 3,000 पौंडाला, कारण तेव्हा म्हणे बाजार पडलेला होता. (बाजार पडलाय हे घेणारा नेहमीच सांगतो, मी रोज ऐकतो.) आपल्याकडच्या कारागिराने तो दगड वजन राखून घडवलेला, तेज थोडं कमी राहिलं तर राहू दे पण घट नको. लंडनवाल्यांना तो आकार बेढब वाटला. त्यांनी पुन्हा घडवला. इथे मास्तरांनी आईच्या हातातली सुपारी घेतली, अडकित्त्याने कड कातरली. "हे लंडन. राहिला 80च्या आसपास."

मग 1831ला तो विकला गेला, 7,200 पौंड. म्हणजे तेरा वर्षांत दुपटीहून जास्त. 1837ला वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. महादेवाचा हिरा एका साहेबाच्या तलवारीवर, आई एवढंच म्हणाली "काय बाई". त्या घराण्यात तो नव्वदएक वर्षं राहिला. 1927ला अमेरिकेत नेला, आणि तिथे जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. आणणाऱ्याने कस्टमला सांगितलं ही प्राचीन कलावस्तू आहे, हिच्यावर ड्युटी लागत नाही. स्थानिक जवाहिऱ्यांकडून हरकत आली, केस चालली, आणि 1930 साली वरच्या कोर्टाने सांगितलं की जुना असेल पण कलावस्तू नव्हे, हा हिराच. ड्युटी भरा. म्हणजे दोनशे माणसं मारून आणलेल्या वस्तूचीही शेवटी पावती बघतात. (दोनशे आकडा माझा, बोलायची पद्धत म्हणून, मास्तरांच्या नावावर टाकू नका.)

पुढे 1940ला हॅरी विन्स्टनने पॅरिसमध्ये घेतला आणि चौकोनी पाचूसारखा कट दिला, एकही दोष राहू नये म्हणून. कट्ट. सुपारी अर्धी झाली. 43.38 कॅरेट. 1970ला न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख डॉलरला एका ट्रक कंपनीवाल्याने घेतला. हल्ली लेबनॉनकडच्या एका खासगी संग्रहात आहे म्हणतात. एवढं सांगून मास्तरांनी उरलेली सुपारी तोंडात टाकली.

आईने विचारलं मग परत कोणी मागितला नाही का. तर म्हणाले "ताई, घेणाऱ्यांकडे सगळ्या पावत्या आहेत, आपल्याकडे नाही."

एक गोष्ट मास्तरांची मला विशेष आवडली. रांगेत पुढचे एक काका म्हणाले तो हिरा म्हणजे शंकराचा तिसरा डोळा होता. इंटरनेटवरही असंच लिहितात. मास्तर म्हणाले, अहो आत जाऊन बघा आणि मग मला सांगा डोळा बसवायचा कुठे. कारण इथे मूर्ती नाहीच. बाकी ज्योतिर्लिंगांसारखी वर आलेली पिंडीही नाही. शाळुंकेत मधोमध खळगा आहे, त्यात अंगठ्याएवढे तीन उंचवटे, ब्रह्मा विष्णू महेश, आणि त्यात पाणी झिरपत असतं. एरवी वर चांदीचा मुखवटा, सणावाराला सोन्याचा पंचमुखी. हिरा असलाच तर मुकुटात नाहीतर मुखवट्यावर असणार. मला पटलं. खडा बसायला कोंदण लागतं, खळग्यात कोंदण कुठून येणार.

देवळाबद्दल आता. नाशिकहून अठ्ठावीस तीस किलोमीटर, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, अख्खं काळ्या दगडात. जुनं लहान देऊळ होतं तिथे नानासाहेब पेशव्यांनी हे बांधायला काढलं. सांगतात की पैज लागली होती, खालचा दगड आतून पोकळ आहे की नाही अशी, आणि पैज हरल्यावर नानासाहेबांनी देऊळ बांधून दिलं. पैजेचं काय ते देव जाणे, तारखा मात्र ठरलेल्या आहेत, 1755ला काम सुरू झालं आणि 1786ला संपलं. एकतीस वर्षं! नानासाहेब 1761ला पानिपतच्या धक्क्यात गेले. त्यांच्यानंतर माधवराव, नारायणराव, रघुनाथराव असे तीन पेशवे येऊन गेले आणि कळस चढला तो सवाई माधवरावांच्या काळात. मास्तरांनी आम्हाला बाहेरच्या भिंतीशी नेऊन हात लावायला लावला. म्हणाले खालच्या थरापासून वर बघत जा, या दगडाच्या मधे कुठेतरी पानिपत आहे. मी खरंच शोधत बसलो की कुठे हात बदललेला दिसतो का, नाही दिसला. एवढ्या काळात तिजोरी रिकामी झाली, खून झाले, बारभाईचं कारस्थान झालं, आणि गवंडीकाम कुठे हललेलं नाही. आमच्या सोसायटीची कंपाउंड वॉल दोन चेअरमनमध्ये बदलली की रंग बदलतो.

नंदी समोर वेगळ्या मंडपात आहे. मोबाईल आत नेता येत नाही ते बरंच आहे, लोक निदान समोर बघतात. गाभारा खोल, आणि पिंडी खळग्यात असल्याने उंबऱ्यावरून सरळ काही दिसणार नाही म्हणून वर आरसा लावलाय, त्यात बघायचं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते समोर बघत बघत पुढे ढकलले जातात आणि बाहेर येऊन म्हणतात काही दिसलंच नाही. मास्तरांनी रांगेतच तीनदा बजावलं होतं, ताई आरशात बघायचं, मान वर. आईला तीनही उंचवटे दिसले म्हणे. मला पाणी चमकलेलं दिसलं, एक बेलाचं पान दिसलं आणि मागून धक्का आला.

मुकुट. गाडीच्या उशिरामुळे आमची वेळ अगदी काठावर आली, पाचला दहा कमी असताना आम्ही तिथे पोचलो आणि माझ्या वाट्याला चार सेकंद आले असतील. याच चार सेकंदांसाठी मी पुण्याहून आलो होतो त्यामुळे गाडीचा एक स्टार इथेच कापला. सोन्याचा, हिरे आहेत, पाचू आहेत, बाकी खडे आहेत. पांडवांच्या वेळचा आहे म्हणतात. मला काही तितका जुना वाटला नाही, पण चार सेकंदांत आणि तेवढ्या लांबून मी काय कसोटी लावणार. एक मात्र जाणवलं, आपल्या दुकानात दागिना आला की आधी वजन डोक्यात येतं, मग घडणावळ, मग भाव. इथे काहीच आलं नाही, पाचूचा हिरवा तेवढा डोळ्यात राहिला. बाजूला एक आजी होत्या त्या मुकुटाकडे न बघता डोळे मिटून उभ्या होत्या, त्यांचेही चार सेकंद गेले.

बाहेर आल्यावर मास्तरांनी मान वर करायला लावून पंचधातूचा ध्वज दाखवला, विंचूरकरांच्या घराण्याने दिलेला. रथही विंचूरकरांचाच, 1865चा, तो त्रिपुरी पौर्णिमेला निघतो. सोमवारी देवाचा मुखवटा पालखीतून कुशावर्तावर नेतात, ती पालखी आम्हाला गर्दीत लांबूनच दिसली. कुशावर्त तिथून पाच मिनिटांवर, होळकरांचे फडणवीस रावसाहेब पारनेरकर यांनी बांधलेलं, चारी बाजूंनी दगडी ओवऱ्या. सिंहस्थात शैव आखाडे इथे नहातात आणि वैष्णव खाली नाशिकला रामकुंडावर, जुनी भांडणं झाली म्हणून पेशवाईत वाटणी करून दिलेली. पाण्याबद्दल मी बोलत नाही. आईने तीन ओंजळी घेतल्या, मी पायाचा अंगठा बुडवला.

निवृत्तीनाथांच्या समाधीला जायचं होतं, वेळ नव्हता, आईने रस्त्यातूनच हात जोडले. रस्त्यात तीन जणांनी विचारलं कालसर्प करायचाय का, नारायण नागबळी करायचाय का, मास्तर बरोबर होते म्हणून तिघेही हसून बाजूला झाले, बहुतेक त्यांचेच विद्यार्थी. एका दुकानात "ओरिजिनल स्फटिक" माळ 1,500ला सांगितली, मी मणी गालाला लावून बघितला, कोमट. काच. स्फटिक गार लागतो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं, मी दुकानदाराकडे, माळ परत खुंटीवर.

टूर इथे संपायला हवी होती. साडेसहाला गाडी लागणार होती. पण मास्तरांनी आईला विचारलं, ताई माहेर कुठलं. आईने गाव सांगितलं, जुन्नरकडचं. आडनाव सांगितलं. मास्तर म्हणाले मग चला, दहा मिनिटं, हे पॅकेजमध्ये नाहीये.

एका गल्लीतल्या जुन्या वाड्यात नेलं. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या असतात हे ऐकून होतो, कोण कुठल्या गावचं, कधी आलं, बरोबर कोण होतं, सगळं. आईच्या गावाचा भाग ज्यांच्याकडे आहे ते गुरुजी पन्नाशीचे, टीशर्ट घातलेले, टीव्हीवर मॅच चालू होती. गाव आणि आडनाव ऐकलं, आत गेले, आणि लाल फडक्यात बांधलेलं एक बाड घेऊन आले. लांबट पानं, कडा वाळवीने खाल्लेल्या, मोडीतली नोंद. आमचा दोघांचाही मोडीशी संबंध नाही. गुरुजी बोट फिरवत सरसर वाचायला लागले. शके 1850. म्हणजे 1928. आईच्या आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, भावांची, मुलांची. खाली सही, ती देवनागरीत, एकेक अक्षर सुटं सुटं काढलेलं. आईने चष्मा पुसला, परत लावला, आणि सहीतल्या एका अक्षरावर बोट ठेवलं. म्हणाली हा र बघ, माझ्या बाबांचा र असाच होता, पोट बाहेर काढून. मुलांच्या नावांत एक नाव होतं जे आईने कधीच ऐकलेलं नव्हतं. मुलीचं. आईच्या वडिलांची थोरली बहीण असणार, लहानपणीच गेली असणार, घरात कोणी कधी नाव काढलं नाही.

मी मनात जमवत होतो, 1928. म्हणजे पणजोबा इथे या ओसरीवर बसून सही करत होते तेव्हा नासक हिरा तिकडे अमेरिकेच्या कस्टममध्ये अडकलेला, कला की माल म्हणून.

नोंदीच्या शेवटी एक ओळ होती ती गुरुजींनी आधी वाचलीच नाही. मी हिशोबातला माणूस, मला आकड्याची खूण लगेच दिसते. म्हटलं हे काय आहे. तर हसले आणि म्हणाले जाऊ द्या हो. आई म्हणाली नाही, वाचा. तर दक्षिणा सव्वा रुपया पोचली, बाकी बारा आणे, पुढील खेपेस देऊ.

पुढची खेप झालीच नाही.

आईने पर्स उघडली. गुरुजी नको नको म्हणाले, मास्तर हसायला लागले, मी मनात व्याज लावायला लागलो आणि चक्रवाढ धरायचं की सरळ इथे अडकलो. आईने 501 काढून ठेवले आणि म्हणाली आता तिथे लिहा, पोचले. गुरुजींनी खरंच बॉलपेन घेतलं, पण जुन्या पानावर नाही लिहिलं. नवी वही काढली, तिच्यात आजची तारीख, माझं नाव, आईचं नाव, आणि "मागील बाकी चुकती". माझी सही घेतली. माझा र बाबांवर गेलाय, पोट आत.

तर मास्तरांना पाच स्टार. बुक करताना तेच मिळतील का हे विचारून घ्या, सोमवार घ्या, आणि गाडी स्वतःची न्या, म्हणजे तीनपर्यंत पोचता आणि मुकुटाला घाई होत नाही. पास ज्याचा त्याने काढा. वह्या बघायच्या असतील तर मूळ गाव आणि आजोबा पणजोबांची नावं घरून विचारून जा, नुसत्या आडनावावर वेळ जातो.

गाडीपाशी आलो तर सात वाजून दहा. ड्रायव्हर म्हणाला चाळीस मिनिटांचा वेटिंग चार्ज, तीनशे. मी म्हटलं तुम्ही पंचावन्न मिनिटं उशिरा आलात त्याचं काय. तो म्हणाला सर ते ऑफिसशी बोला. आमची वादावादी वाढायला लागली तशी आई मागच्या सीटवर नीट बसली, पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "लिहून ठेव बाबा. पुढच्या खेपेस देऊ."

त्याला काही कळलं नाही. मी यूपीआय केले.